गोगलगाय आणि पोटात पाय

‘किडा’ हा मराठीतला फार आळशी शब्द आहे. उडते ते पाखरू, सरपटते ते जनावर, आणि ज्याच्याकडे नीट पाहायचेच नाही तो किडा! धान्यातला किडा, पुस्तकातला किडा, आणि रात्री दोन वाजता कोणाला फोन करावासा वाटला तर डोक्यातला किडा. मराठीच्या प्राध्यापिकेने आपल्याच भाषेची अशी चहाडी करू नये हे मला कळते. पण ही चहाडी मला गणेशपुरीच्या एका ओहोळाने शिकवली, आणि ती दिवाळीच्या फराळाबरोबर आपल्यापुढे ठेवते आहे.

गणेशपुरी भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या खोऱ्यात. वज्रेश्वरी जवळच. कोणी तिथे नित्यानंदस्वामींच्या समाधीला जातात, कोणी गरम पाण्याच्या कुंडांत गुडघे शेकायला. आमच्या सासूबाई दोन्हींसाठी जातात, पण अगोदर गुडघे. गेल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर त्यांच्याबरोबर मी आणि लेक अशा दोघी गेलो. लेक प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या पिशवीत कपडे कमी आणि माझ्या स्वयंपाकघरातून नाहीशा झालेल्या वस्तू जास्त निघाल्या : चहाची गाळणी, पांढरे एनॅमलचे ताट, लोणच्याच्या दोन बरण्या. शिवाय चित्रकलेचा एक मऊ कुंचला आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग.

गावाच्या वरच्या अंगाला डोंगरातून एक ओहोळ येतो. त्यातला वाहत्या पाण्यातला मूठभर दगड उचलायचा, ताटातल्या पाण्यात धरून कुंचल्याने हलके झाडायचा, आणि दगड होता तसाच, त्याच अंगावर परत ठेवायचा. “आजी, आपलं घर कोणी उपडं करून ठेवलं तर चालेल का?” असे लेकीने सांगितल्यावर सासूबाईंनी ते काम स्वतःकडे घेतले. त्या काठावर मुडा टाकून बसल्या होत्या.

ताटात प्रथम काहीच दिसत नाही. थोडा गाळ, एक कुजके पान. आपण शहरातली माणसे तेवढ्यात कंटाळतो. पण मिनिटभर थांबले की गाळ चालू लागतो! एक कण तिरका पळतो, पानाची शीर वाकडी होते, आणि वाळूचा एक बारीक नळा स्वतःहून ताटाच्या कडेकडे निघतो. तो नळा म्हणजे एका अळीचे घर. तोंडातून रेशमासारखा धागा काढून ती वाळूचे कण एकमेकांना चिकटवते आणि आत राहते. सासूबाईंनी पाहिले मात्र, म्हणाल्या, “बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालंय की गं हे!”

सासूबाईंच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू निघाला आहे, दुसऱ्याचा भरवसा नाही. भिंग त्यांना जमेना. तेव्हा लेकीने भिंग मोबाइलच्या डोळ्यापुढे धरून चित्र पडद्यावर मोठे करून दाखवले. त्यानंतर मोबाइल बराच वेळ आमच्याकडे परत आला नाही.

ओळखायचे कसे, तर मोजून. सहा पाय असतील तर बहुधा कीटक, आठ असतील तर कोळ्याच्या गोतातला. मग शेपट्या मोजायच्या. इथे गंमत झाली. ताटात दोन प्राणी, दोघांनाही तीन-तीन शेपट्या. भिंगाखाली मात्र एकाच्या शेपट्या पानासारख्या चपट्या निघाल्या. ते टाचणीचे पिल्लू. टाचणी म्हणजे चतुराची सडपातळ बहीण, बसताना पंख मिटून बसणारी. शेपटीकडची ती पाने म्हणजे तिची श्वासाची सोय. दुसऱ्याच्या शेपट्या धाग्यासारख्या, आणि श्वासाचे कल्ले पोटाच्या दोन्ही बाजूंना, एकसारखे फडफडणारे. याला इंग्रजीत नाव आहे, लॅटिनमध्ये आहे. मराठीत? लेकीने माझ्याकडे पाहिले. एम. ए.ची पदवी असल्या वेळी काही उपयोगाची नसते.

त्याच्या शास्त्रीय गणाचे नाव आहे एफेमेरोप्टेरा. ग्रीकमधून आलेले, म्हणजे एका दिवसाचे पंखवाले. पंख फुटल्यावर याला काही खाता येत नाही. काही तास, फार तर काही दिवस, तेवढ्यात लग्न, अंडी आणि शेवट. पण त्याआधी कित्येक आठवडे, काही जातींत कित्येक महिने, हा प्राणी दगडाखाली संसार करीत असतो. ते सगळे सोडून नाव दिले शेवटच्या दिवसाचे! एखाद्याची ओळख त्याच्या मृत्यूच्या बातमीवरूनच करून द्यावी तसे हे झाले. ग्रीकांच्या विद्वत्तेबद्दल मला आदर आहे, तरी हे नाव मला पटलेले नाही.

“तीन शेपट्या ना? मग तिशेपटी म्हणा,” सासूबाई म्हणाल्या आणि मोबाइल दुसऱ्या हातात घेतला. लेकीने वहीत लॅटिन नावापुढे ते लिहून टाकले.

आता सासूबाईंच्या शब्दांविषयी. त्या चिपळूणकडच्या. आपण ज्याला ‘पैसा’ म्हणतो, हात लावला की चकतीसारखा गुंडाळणारा, त्याला त्या ‘वाणी’ म्हणतात. पैसा आणि वाणी! शंभर पायांची, चावणारी, ती ‘घोण’. पावसाच्या पहिल्या सरीनंतर निघणारा लाल मखमली तो मृगाचा किडा. आठ पाय मोजून तो किडा नव्हेच, कोळ्याचा नातलग आहे, हे लेकीने सांगितले तरी सासूबाई हटल्या नाहीत. हे शब्द कोणी शाळेत शिकवलेले नाहीत. अंगणात वाकून पाहणाऱ्यांनी ते केले, आणि आता अंगणेही नाहीत नि वाकणारेही.

संध्याकाळी आम्ही उतरलो होतो तिथल्या बागेत अळवाच्या पानावर गोगलगाय सापडली. लेकीने ती काचेच्या पेल्यावर चढवली आणि पेला खालून पाहायला सांगितले. पोटाच्या तळव्यावरून सावलीच्या बारीक लाटा एकामागून एक सरकत होत्या. त्या लाटांवर ती चालते. पोट हाच पाय. लेक म्हणाली, “हिच्या वर्गाचं नाव गॅस्ट्रोपोडा. कुव्हिए नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १७९५ मध्ये दिलं. गॅस्टर म्हणजे पोट, पोडा म्हणजे पाय.” मी पेला खाली ठेवला. गोगलगाय आणि पोटात पाय! वरून गरीब, आतून लबाड, असा अर्थ मी फळ्यावर कित्येकदा लिहिला आहे. म्हणीच्या पोटातही एक पाय होता. विंचवाच्या बिऱ्हाडाचेही तसेच : विंचवी पिल्लांना खरोखर पाठीवर घेऊन हिंडते, त्यांची पहिली कात पडेपर्यंत. म्हण करणाऱ्याने आधी दगड उचलून पाहिला असला पाहिजे.

पण नजर गेली नाही तिथे शब्दही गेला नाही. मुंबईत हेन्री जॉन कार्टर नावाचा एक इंग्रज डॉक्टर होता. त्याने बेटावरच्या तळ्यांतले गोड्या पाण्याचे स्पंज पाहिले आणि १८४९ च्या सुमारास त्यांच्यावर लिहिले. स्पंज हाही प्राणीच. तळे आटले की तो मरतो, पण मागे कठीण कवचाचे बारीक गोळे ठेवतो, आणि पाणी आले की त्यांतून पुन्हा उगवतो. त्यातल्या एकाला १८६३ मध्ये कार्टरचेच नाव मिळाले. मुंबईतली बरीच तळी पुढे बुजली. धोबीतलाव, गवालिया टँक ही आता नुसती नावे. तिथे पाण्याचे नाव उरले आणि पाणी गेले. या ओहोळात प्राणी आहेत आणि त्यांना नाव नाही. यातले वाईट कोणते, यावर आमच्या घरी अजून वाद चालू आहे.

दुसऱ्या दिवशी लेकीने तोच ओहोळ गावाच्या खालच्या अंगाला तपासला, जिथे धुणी होतात आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकतात. दगड तेवढेच, पाण्याचा ओढ तेवढाच, मुद्दाम जुळवून घेतलेला. ताटात तांबड्या दोऱ्यांसारख्या अळ्या वळवळल्या. डासासारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या एका माशीच्या त्या अळ्या. त्यांच्या अंगात आपल्या रक्तातलेच तांबडे द्रव्य असते, म्हणून प्राणवायू कमी असलेल्या चिखलातही त्या तगतात. तिशेपटी एकही नव्हती. तिला आणि वाळूच्या घरातल्या त्या अळीला स्वच्छ पाणी लागते. ती नसली की पाण्याचे काही बिघडले असावे, असे शास्त्रज्ञ धरून चालतात. दोन ठिकाणांमध्ये अंतर किती? सासूबाई गुडघे सांभाळत पोहोचल्या, एवढेच.

यंदा नवरात्रात त्यांना प्रवास झेपला नाही. लेक एकटीच जाऊन आली. ताट, गाळणी, वरचे दगड, खालचे दगड, सगळे गेल्या वर्षीसारखे. घरात पाऊल टाकताच सासूबाईंनी विचारले, “तिशेपटी खाली आली का गं?”

“नाही आजी. वर आहे अजून. खाली नाही.”

“मग तिथं पोरं पाण्यात डुंबत असतील, त्यांच्या आयांना सांगून आलीस की नाही?”

सांगून आली होती. दोघींनी ऐकून घेतले, एकीने ताटात वाकून पाहिले.