नकाशावरची खोटी रेघ

भंडारा जिल्ह्यातल्या मामा तलावांचे, म्हणजे माजी मालगुजारी तलावांचे, जुने कागद स्कॅन करून ठेवायचं काम मी करतो. १९५१ साली मालगुजारी गेली. पण पाणी आधी कोणाच्या बांधीत जाणार, गाळपेर कोण करणार, मासोळी कोण धरणार, हे वाद अजूनही निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या सामायिक हक्कांची नोंद, आणि बंदोबस्ताचा नकाशा उघडल्याशिवाय मिटत नाहीत.

साकोलीकडच्या एका गावाचा असाच नकाशा ढीवर समाजातले एक वडीलधारे गृहस्थ घेऊन आले. घड्यांवर विरलेला, पेन्सिलीच्या खुणा जेमतेम उरलेला. ३०० डीपीआयला त्या खुणा कागदाच्या रंगात हरवत होत्या, म्हणून १२०० ला घेतला. पडद्यावर चित्र उमटलं आणि त्यांनी बोट ठेवलं, “भाऊ, हे रेग कोनं मारली? आमच्या तरावात असी पार नाई.” तलावाच्या पोटातून एक बारीक काळसर रेघ सरळ खाली गेली होती. कागदावर ती कुठेच नव्हती.

हे नकाशे मैलाला १६ इंच या मापाचे. नकाशावरचा पाव मिलिमीटर म्हणजे जागेवर जवळजवळ एक मीटर. तलावाच्या बुडात अतिक्रमण होत असताना अशी रेघ उद्या कोणी पाळ, म्हणजे तलावाचा बांध, म्हणून दाखवली, तर काय होईल ते सांगायला नको.

मी नकाशा उलटा फिरवून, खालची बाजू वर करून, पुन्हा स्कॅन केला. नकाशा फिरला, रेघ मात्र काचेच्या कडेपासून तेवढ्याच अंतरावर राहिली. म्हणजे ती यंत्राचीच. मग कोरा पांढरा कागद लावला, त्यावरही ती होतीच.

माझा स्कॅनर जुना आहे, लिनक्सवर ‘सेन’ (SANE) या मुक्त संचातल्या ड्रायव्हरने चालतो. सेन १९९६ पासून आहे, आणि त्याच्या आत काय चाललंय ते वाचता येतं. या कामात मला त्याचं फार मोल वाटतं. सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका सारखाच उजेड टिपत नाही. म्हणून स्कॅनच्या आधी स्कॅनरचं डोकं काचेच्या कडेखालची पांढरी पट्टी वाचतं, दिवे बंद ठेवून अंधारही वाचतं, आणि या दोन मापांवरून ड्रायव्हर प्रत्येक ठिपक्याची दुरुस्ती ठरवतो. वेळ वाचावा म्हणून काही ड्रायव्हर ही मापं फाइलमध्ये साठवून ठेवतात. माझ्याकडची फाइल थंडीतली होती. आता मे महिना, पारा ४५ च्या घरात, आणि शेजारच्या राईस मिलचा कोंडा सगळीकडे. सेन्सरवर नवा कण बसला होता, दुरुस्ती मात्र जुन्याच मापांनी चालली होती.

फाइल काढून टाकली, नवं मापन करायला लावलं. काळी रेघ गेली आणि दुसऱ्या जागी पांढरट रेघ आली! तिने मला जास्त छळलं. कारण तेच, उलट्या बाजूने: या वेळी कण पांढऱ्या पट्टीवर होता. तिथे उजेड कमी पडतो असं ड्रायव्हरला वाटलं आणि त्याने तेवढे ठिपके उजळून टाकले, पानाच्या वरपासून खालपर्यंत. १२०० डीपीआयला एक ठिपका मिलिमीटरचा साधारण पन्नासावा हिस्सा असतो. कोंड्याचा कण त्यापुढे डोंगरच. काच उचलून पट्टी आणि सेन्सर मऊ कोरड्या कापडाने पुसले, पुन्हा मापन केलं, कोरा कागद तपासला. स्वच्छ.

एक दोष मात्र वेगळाच होता. तलावाची पाळ एका ठिकाणी आडवी तुटून किंचित सरकलेली दिसे. रंगीत ए-फोर पान १२०० ला घेतलं की ४० कोटी बाइटांच्या वर जातं. जुन्या यूएसबी हबमधून तेवढा माल वेळेत उतरत नाही, स्कॅनर थांबतो, डोकं मागे घेतो, पुन्हा निघतो, आणि थांबलेल्या जागी सांधा राहतो. केबल थेट लॅपटॉपच्या यूएसबी २ ला लावल्यावर पाळ सलग आली.

घड्यांपुढे कोणताही ड्रायव्हर हतबल आहे. माझ्या स्कॅनरसारख्या पातळ स्कॅनरांना काचेला टेकलेलंच नीट दिसतं. कागद थोडा उचलला की अक्षर धूसर होतं, म्हणून वर जड काच ठेवली. मऊ आणि स्पष्ट करणारे सगळे फिल्टर मी बंद ठेवतो. असल्या कागदावर ते वापरू नयेत, असं माझं ठाम मत आहे, कारण पुसट पेन्सिल आणि डाग यांतला फरक ते ठरवू लागले तर तो निर्णय गावाच्या हातून जातो.

शेवटच्या चित्रात तलावाच्या पोटात एकही रेघ नव्हती. पाळीखालून निघालेल्या पाटाची पेन्सिल मात्र खसरा नंबरासकट वाचता आली. मूळ टिफ फाइलसोबत मी त्याच वेळचं कोऱ्या कागदाचं स्कॅन आणि मापनाची फाइलही दिली. तहसीलीत कोणी विचारलंच, तर यंत्राने स्वतःचं काही घातलं नाही, हे त्यांना तिथल्या तिथे दाखवता येईल.