चेतक परत आली, उस्तादांचे काय?

आमच्या मराठवाड्यात स्कूटर या शब्दाचा अर्थ बरीच वर्षे चेतक असाच होता. सरकारी नोकरी लागली की चेतक, मुलीचे लग्न ठरले की जहेजच्या यादीत चेतक, आणि पैसे कमी पडले तर चौथ्या मालकाकडून घेतलेली का होईना, पण चेतकच. २००५ च्या सुमारास ती बनणे बंद झाले. २००९ मध्ये कंपनीने स्कूटरचा धंदाच सोडत असल्याचे जाहीर केले. आणि जानेवारी २०२० मध्ये तेच नाव घेऊन, बॅटरीवर चालणारी होऊन, चेतक बाजारात परत आली. तिच्याआधी २०१८ मध्ये जावा परतली होती, २०२२ मध्ये येझदीही परतली. बंद पडलेली नावे अशी एकामागून एक उठून उभी राहिली.

आम्ही नांदेडला उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. गाड्यांचा शौक परवडावा अशी आमची मिळकत नाही. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, त्याचे कारण आमच्या शाळेच्या प्रवेश अर्जात आहे. 'पालकांचा व्यवसाय' या रकान्यात आम्ही दरवर्षी जे लिहितो, त्यात मिस्त्री, मेकॅनिक, डेंटिंग-पेंटिंग, लेथ, सीट कव्हर, पंक्चर हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. देगलूर नाका, इतवारा या भागांतल्या कितीतरी घरांची चूल जुन्या गाड्यांवर पेटली आहे. म्हणून गाडी परत आली असे कोणी म्हटले की आम्हाला आधी तो रकाना आठवतो.

ही लाट काही आपल्याकडेच आलेली नाही. अमेरिकेत १९६० च्या दशकात 'मसल कार' नावाचा प्रकार निघाला. दोन दरवाजांची बेताची गाडी, तिच्यात भले मोठे व्ही-८ इंजिन, आणि किंमत मात्र तरुण नोकरदाराला हप्त्याने झेपेल अशी. १९६४ मध्ये पॉन्टियाकची जीटीओ आली, त्याच वर्षी फोर्डची मस्टँग, मागून शेवरलेची कॅमेरो आणि डॉजची चॅलेंजर. १९७० नंतर धुराचे कायदे कडक झाले, विम्याचे हप्ते वाढले, १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले आणि या गाड्यांचा दम गेला. तीस-पस्तीस वर्षांनी कंपन्यांनी जुने चेहरे पुन्हा घडवले. २००५ सालची मस्टँग, २००८ ची चॅलेंजर, २००९ ची कॅमेरो. तरुणपणी ज्यांनी ती गाडी फक्त पाहिली होती आणि आता ज्यांच्या खिशात पैसा होता, त्यांनी ती उचलली. मस्टँग २०१६ मध्ये अधिकृतपणे भारतातही आली, पण पासष्ट लाखांच्या आसपास. मूळची ती कामगाराच्या पोराची गाडी होती, हे तिथे कोणाला आठवणार?

मग २०२३ च्या अखेरीस चॅलेंजर आणि त्याच सुमारास कॅमेरो पुन्हा बंद झाली. डॉजने आपली 'चार्जर' बॅटरीवर आणली. बॅटरीची गाडी मुकी असते, म्हणून तिला इंजिनासारखी गर्जना काढणारी यंत्रणा बसवली. गाडी नवी, आवाज उसना.

आपल्याकडे दम दाखवणारी गाडी म्हणजे येझदी. १९६१ पासून म्हैसूरच्या कारखान्यात चेकोस्लोव्हाकियाची जावा बनत असे. १९७३ पासून तीच येझदी नावाने निघू लागली. हे नाव इराणातल्या यझ्द शहराचे, आणि कारखानदार पारशी. आमच्यासारख्या फार्सीचे चार शब्द जाणणाऱ्याला ते लगेच ओळखू येते. एक सिलिंडर आणि दोन सायलेन्सर. किक मारायची आणि तोच दांडा वळवून गिअरसाठी वापरायचा, ही तिची खास ओळख. १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. आजची जावा-येझदी मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला बनते. दोन सायलेन्सर तिलाही दिले आहेत, पण इंजिन फोर-स्ट्रोक आणि चालू करायला बटण. आमच्या शाळेजवळच्या एका उस्तादांनी पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला तेव्हा ते एवढेच म्हणाले, "सूरत वोहीच हय सर, आवाज दुसरे की हय."

चेतकची गोष्ट मात्र घरातली आहे. पुण्याजवळ आकुर्डीच्या कारखान्यात १९६० च्या दशकात इटलीच्या परवान्यावर व्हेस्पा बनत होती. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये स्वतःची चेतक निघाली. किती गाड्या बनवायच्या हे तेव्हा सरकार ठरवी, त्यामुळे नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९८५ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादजवळ वाळूजला कारखाना आला आणि मराठवाड्याच्या पोरांनाही त्या धंद्यात हात घालता आला. पण त्याच सुमारास एका लिटरमध्ये दुप्पट धावणाऱ्या फोर-स्ट्रोक मोटरसायकली आल्या, पुढे धुराचे नियम आले, आणि चेतक मागे पडत गेली.

तिचे दुखणे ठरलेले असे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावे लागे, त्याची काजळी प्लगवर आणि सायलेन्सरमध्ये बसे. इंजिन उजव्या अंगाला, त्यामुळे गाडीचा तोल त्या बाजूला. सकाळी सुरू झाली नाही की माणसे ती कलती करून किक मारत. क्लच आणि गिअर दोन्ही डाव्या मुठीत, केबल तुटणे नेहमीचे. या सगळ्यावर गॅरेजे चालत. प्लगची फट हॅक्सॉ ब्लेडच्या जाडीने मोजायची, चोंदलेला सायलेन्सर आगीत भाजून ठोकून काजळी झाडायची, पिस्टन सैल झाला की लेथवर बोअर मारून घ्यायचा. हे कोणत्या पुस्तकात नव्हते. शागिर्दाला पहिला धडा मिळे तो कानाचा. उस्ताद रेस देत आणि विचारत, "बोल, काय की आवाज हय?" पोराने रिंग म्हटले आणि रिंगच निघाली, की त्या दिवशी त्याच्या हाती पाना येई.

कारखान्याने हात आखडता घेतल्यावरही चेतक नांदेडच्या रस्त्यावर कितीतरी वर्षे धावली, ती या हातांमुळे. भंगारातून कप्पे काढून, एका गाडीचे दुसरीला लावून त्यांनी ती जिवंत ठेवली. आज पुण्या-मुंबईचे शौकीन जुनी चेतक शोधत फिरतात, चांगली रक्कम देऊन रंगवून घेतात. त्यांना मिळणारी गाडी टिकली कशी, याचे उत्तर नाक्यावरच्या गॅरेजांत आहे.

तरी त्या काळाचे आम्हाला गोडवे गायचे नाहीत. तो निळा धूर रस्त्यावरच्यांच्या छातीत गेला, आणि सर्वांत जास्त गेला तो दिवसभर सायलेन्सरपाशी बसलेल्या दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या. पेट्रोलने त्यांचे हात सोलवटत. नवी चेतक धूर सोडत नाही, पेट्रोल मागत नाही. सुरुवातीची चेतक एक लाखाच्या आसपास होती आणि घरच्या प्लगवर चार-पाच तासांत भरून ९० किलोमीटरच्या घरात जाई. २०२२ पासून ती आकुर्डीच्याच जुन्या जागेत बनू लागली. पत्राही पूर्वीसारखा लोखंडी ठेवला आहे. हे सारे चांगलेच आहे.

आमची आपा लातूरला असते. तिच्या दारात दोन्ही चेतका उभ्या आहेत. एक दुल्हेभाईंची, पंधरा वर्षे उलटून गेलेली; दर ५ वर्षांनी नोंदणी नवी करायची, पर्यावरण कर भरायचा, तरी ते ती विकत नाहीत. दुसरी भाचीची, बॅटरीची. ती पहाटे नीटच्या शिकवणीला जाते. लातूर पॅटर्नच्या त्या वर्गांबाहेर एकदा उभे राहून पाहावे. बॅटरीच्या स्कूटरींची रांग असते आणि वर्ग सुटला तरी गल्लीत आवाज होत नाही. दुल्हेभाई हसून म्हणतात, "पहले गाडी आती तो तुम्हारी आपा चाय चढाती थी. अब बेटी अंदर आ जाती, फिर मालूम पडता."

भाचीच्या गाडीला दोन वर्षांत टायर आणि ब्रेक सोडून काही करावे लागले नाही. आपाला याचे कौतुक आहे, आम्हालाही आहे. पण नांदेडला परतताना, लोहा, अहमदपूरच्या रस्त्याला लागलेली गॅरेजे पाहत, आमच्या मनात हिशेब सुरू होतो. प्लग नाही, कार्बोरेटर नाही, सायलेन्सर नाही. ज्या ज्या दुखण्यावर एक एक घर चालत होते, ते दुखणेच राहिले नाही. उरलेले बिघाड बॅटरीत, कंट्रोलरमध्ये, आणि ते शोधायला लॅपटॉप लागतो. वॉरंटी असेपर्यंत बाहेरच्या माणसाने झाकण उघडायचे नसते. आमचे उस्ताद म्हणतात, "इस में खोलनेकू क्या हय सर? पंचर और ब्रेक छोडे तो सब कंप्युटर."

गेल्या वर्षी आमच्या नववीच्या वर्गातला एक मुलगा दिवाळीनंतर यायचा बंद झाला. असे दरवर्षी दोघे-तिघे होतात. आम्ही शोधत गेलो तर तो याच उस्तादांकडे बसलेला. पूर्वी अशा वेळी आम्हाला ठरलेले उत्तर मिळत असे, की हातात हुनर असलेला माणूस उपाशी मरत नाही. त्यावर आमच्याकडे तोड नसे, कारण ते खरे होते. मॅट्रिक झालेले बेकार फिरत आणि नववी सोडलेला मिस्त्री बहिणींची लग्ने करून देत असे. या वेळी मात्र उस्ताद आमच्याआधी बोलले. "लेके जाव सर इसकू. मेरे पास जो हय वो सब सिखाया तो भी इसके काम का नै. दसवी कराव, आयटीआय में डालो." पन्नाशीच्या माणसाने आपले सारे आयुष्य पोराच्या कामाचे नाही असे तोंडाने म्हणावे, हे ऐकणे सोपे नव्हते. शेजारच्या डब्यात त्यांचे पाने रॉकेलमध्ये भिजत पडले होते.

आयटीआयमध्ये आता इलेक्ट्रिक वाहनांच्या मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. अट दहावी पासची. म्हणजे जे दार पूर्वी आठवी-नववीतून थेट गॅरेजमध्ये उघडत होते, ते आता दहावीच्या पुढे सरकले आहे. आणि त्यात आमच्या मुलांची आणखी एक अडचण. आम्ही विज्ञानात 'बर्की रौ' शिकवतो. मराठी पुस्तकात तिला 'विद्युतधारा' म्हणतात. गॅरेजमध्ये आणि आयटीआयमध्ये तो 'करंट'. आमचा 'मुजाहमत', मराठीतला 'रोध', तिथला 'रेझिस्टन्स'. मुलाला गोष्ट कळलेली असते, पण तिचे तिथले नाव माहीत नसल्याने तो गप्प बसतो आणि कच्चा ठरतो. म्हणून आम्ही फळ्यावर तीन रकाने पाडून तिन्ही शब्द शेजारी शेजारी लिहू लागलो आहोत. उर्दू सोडा असे आम्ही कोणाला म्हणणार नाही. ज्या भाषेत समजते तिच्यात समजून घ्या, पण पुढच्या दारावरची पाटी वाचता आली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे.

तो मुलगा परत आला. तो पास होईल का, पुढे त्याला जागा मिळेल का, हे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. घरी पैशाची तंगी आहे, त्यामुळे शाळा सुटल्यावर दोन तास तो गॅरेजमध्ये जातो, आणि त्याला आम्ही हरकत घेतलेली नाही. कंपन्यांना जुनी नावे परत आणता आली, कारण त्यांच्याकडे नकाशे होते, भांडवल होते आणि वाट पाहायला वेळ होता. या पोरांकडे यातले काहीच नाही. त्यांच्यासाठी नकाशा शाळेनेच काढून द्यायचा आहे.

मध्यंतरी आम्ही तिकडून जात होतो. उस्तादांनी एक मल्टीमीटर विकत आणला होता. कोणाची तरी वॉरंटी संपलेली बॅटरीची स्कूटर स्टँडवर उभी होती. मुलगा दोन तारा लावून मीटरवरचा आकडा मोठ्याने वाचत होता, आणि उस्ताद मान एका बाजूला कलती करून, पूर्वी इंजिन ऐकत तसे, तो आकडा ऐकत होते.