बाहीवरचा नांगर

गेल्या रविवारी मुलांना घेऊन कुलाब्याला गेलो होतो. सी.एस.एम.टी.हून बसने कुलाब्याकडे निघाले, की नौदलाच्या वस्तीची चाहूल लागते. बसमधून उतरताच पांढऱ्या गणवेशातला एक नौसैनिक समोरून गेला. त्याच्या डाव्या बाहीवर तीन पट्ट्या होत्या. "बाबा, हवालदार!" धाकटा ओरडला. मीही "हो" म्हणून मोकळा झालो.

थांब्यावरचे एक वयस्क गृहस्थ हसले. ते नौदलातून निवृत्त झालेले. म्हणाले, "बाळ, तीन पट्ट्यांचा हवालदार लष्करात. नौदलात या पट्ट्या हुद्द्याच्या नाहीत, चांगल्या वर्तणुकीच्या आहेत. हुद्दा पाहायचा तर नांगर पाहावा. एक नांगर म्हणजे लीडिंग सीमन. एकमेकांना छेदणारे दोन नांगर आणि वर अशोकस्तंभाचे सिंह म्हणजे पेटी ऑफिसर. सोनेरी पट्ट्या अधिकाऱ्यांच्या. लेफ्टनंटला दोन, कमांडरला तीन, कॅप्टनला चार."

पुढे १९४६ च्या नाविक उठावाच्या स्मारकापाशी गेलो. तेव्हाच्या गणवेशात उजव्या बाहीवर कामाची खूण असे. निशाणांनी संदेश देणाऱ्याला दोन आडवी निशाणे, तारायंत्रवाल्याला पंख आणि वीज, इंजिनघरातल्या स्टोकरला जहाजाचा पंखा. डावी बाही हुद्दा सांगे, उजवी बाही हातातले काम.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी 'तलवार' या कुलाब्यातील संदेशवहन शाळेच्या नाविकांनी निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संप पुकारला. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान हे लीडिंग सिग्नलमन होते, म्हणजे बाहीवर एकच नांगर. उपाध्यक्ष मदनसिंग हे पेटी ऑफिसर टेलिग्राफिस्ट. दोघांपैकी एकाच्याही बाहीवर सोनेरी पट्टी नव्हती. तरीही जहाजामागून जहाज त्यांच्या पाठीशी उभे राहिले. २२ फेब्रुवारीला गिरणी कामगारांनी त्यांच्यासाठी काम बंद केले. त्या दिवसांत मुंबईत झालेल्या गोळीबारात दोनशेहून अधिक लोक बळी गेले. परळला कमल दोंदे गोळी लागून मरण पावल्या. २३ फेब्रुवारीला नाविकांनी संप मागे घेतला.

तेव्हा पेटी ऑफिसरच्या दोन नांगरांवर इंग्रजांचा राजमुकुट असे. देश प्रजासत्ताक झाल्यावर मुकुट उतरला आणि तिथे सिंह आले. ते सिंह सारनाथचे, जिथे भगवान बुद्धांनी पहिला उपदेश केला. थोरलीने विचारले, "मग खान यांना ते सिंह लावायला मिळाले का?" मी म्हणालो, "नाही गं. संपानंतर कितीतरी नाविकांना नोकरीतून काढून टाकले."

वाचकहो, मुलांना कुलाब्याला न्याल तेव्हा त्यांना बाही वाचायला शिकवा. परतीच्या बसमध्ये आमचा धाकटा कंडक्टरच्या छातीवरचा बिल्ला निरखून पाहत होता. या वेळी त्याने हुद्दा ठरवून टाकला नाही. त्याने विचारले, "काका, यावर काय लिहिलंय?"