रुसलेल्या देवाची समजूत

आमच्या पेडण्यात भांडण कोकणीत होते आणि आरती मराठीत. सकाळी विहिरीवर ज्या तोंडाने शेजारणीच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो, त्याच तोंडात संध्याकाळी तुळशीपुढे ज्ञानोबा-तुकोबा येऊन बसतात. मधे चूळसुद्धा भरली जात नाही. शेजारीणही तिच्या तुळशीपुढे तेच अभंग म्हणत असते आणि आवाज कोणाचा वर चढतो याकडे दोघींचाही कान असतो.

आमच्या वाड्यावर दोन भावांचे एक घर आहे. वाटण्या झाल्या तरी मधे भिंत घातलेली नाही, कारण भिंतीचे काम एका वाक्याने केव्हाच करून टाकले. वडिलांच्या बाराव्याची पंगत बसली होती. थोरला वाढत होता. धाकटा मुंबईहून आलेला, सोयऱ्याधायऱ्यांत पाटावर बसलेला. वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा तो एकदाही फिरकला नाही, हा सल थोरल्याच्या पोटात होता. भाताचा डाव त्याच्या पानावर उलटा करताना थोरला म्हणाला, ‘‘जेव, जेव. फुकटचें आसा.’’

धाकट्याने भात कालवलाच नाही. डाळ पानावरून वाहून पाटाखाली गेली, तो उठला, मागच्या दारी हात धुतले. पुढे तो मुंबई सोडून गावीच राहायला आला, त्याच घरात, त्याच सोप्यावर, पण भावाशी शब्द नाही.

मी तेव्हा पंगतीत नव्हतो. आईकडून ऐकले. पण वाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही ते वाक्य पाठ आहे. गोवा मुक्त झाला त्या दिवसाची तारीख विचारली तर चारातले दोघे अडखळतील, हे वाक्य कोणी चुकणार नाही. अबोल्याचेही एक व्याकरण असते. निरोप द्यायचा तर मधे कोणीतरी लागते. मूल असले तर मूल, नसले तर कुत्रा. ‘‘मोत्या, तुज्या धन्याक सांग, पंप बंद कर म्हूण.’’ मोत्या शेपूट हलवतो आणि पंप बंद होतो. चतुर्थीला मात्र गणपती एकच. गणपतीवर टांगायच्या माटोळीला कांगले, घागऱ्या, नारळाची पेंड दोन्ही बिऱ्हाडांतून येते, आणि दोघे भाऊ एकाच समईच्या दोन अंगांना उभे राहून टाळ वाजवत सगळ्या आरत्या म्हणतात. एकाचा शब्द विसरला तर दुसरा पुढचा उचलून देतो. आरती संपली की पुन्हा मोत्या.

पोर्तुगीज सरकारला शब्दांचे भय फार. सालाझारच्या अमलात छापील मजकूर आधी सेन्सॉरला दाखवावा लागे, लग्नपत्रिकासुद्धा. मुला-मुलीची नावे, मुहूर्त आणि ‘आपले नम्र’ एवढ्यात राज्य उलथवण्यासारखे काय असणार? पण कारकून लाल पेन्सिल घेऊन बसलेला असे. त्या कारकुनाला पंगतीत बसवायला हवे होते असे मला कधी कधी वाटते. सरकारला धोका असलेले शब्द त्याने हजारांनी अडवले असतील, घर मोडणारा एकही त्याच्या टेबलावरून गेला नसणार. ते छापून येत नाहीत.

भावंडांच्या बिघाडाची आमच्या मुलखातली सर्वांत मोठी गोष्ट डिचोली तालुक्यात घडली. सात बहिणी आणि एक भाऊ, खेतोबा. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, गाभा असा: ही भावंडे फिरत फिरत मये-डिचोलीच्या बाजूला आली. चुलीला विस्तव हवा होता, तो आणायला भावाला धाडले. वाटेत पोरे खेळत होती, हाही खेळात रमला. इकडे चूल थंड. शेवटी बहीण शोधत गेली, रागाच्या भरात तिने त्याला लाथ हाणली आणि त्याची कंबर कायमची वाकली. राग उतरला तेव्हा पश्चात्ताप झाला. लईराईने निखाऱ्यांवरून चालण्याचे प्रायश्चित्त घेतले. केळबाईने विस्तव डोक्यावर घेतला. मोरजाई निघाली ती आमच्या पेडण्यात, मोरजीला समुद्राकाठी येऊन राहिली. मिराबाई तर म्हापशाला जाऊन मिलाग्रीस सायबीण, म्हणजे ख्रिस्त्यांची मेरीमाता, झाली. तिच्या फेस्ताला आजही हिंदू आणि ख्रिस्ती एकाच रांगेत तेल घेऊन उभे असतात.

वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावात लईराईची जत्रा भरते. आधीचे दिवस सोवळ्यात काढलेले धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, तळीत आंघोळ करतात, हातात रंगीत गोंड्यांची वेताची काठी, गळ्यात मोगऱ्याच्या माळा. होमखंड रचलेले असते. रात्र उलटून जाते, ज्वाळा खाली बसतात आणि पहाटेकडे धोंड निखाऱ्यांवरून जाऊ लागतात. मोगऱ्याचा वास आणि जळत्या लाकडाचा वास एकात एक मिसळलेला असतो. तो नाकात बसला की घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतले तरी दिवसभर जात नाही.

ही कथा मी किती म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकली असेल! प्रत्येकीची रीत वेगळी, कोणी लाथेवर रंगते, कोणी मोगऱ्यावर. पण एकीच्याही कथेत बहीण भावाजवळ बसून ‘‘दुखलें रे?’’ असे विचारत नाही. सगळ्या बहिणींनी आपापले प्रायश्चित्त पत्करले, चार दिशांना त्यांची स्थाने झाली, भाऊ मात्र वाकलेल्या कंबरेनिशी तसाच राहिला. विस्तवावरून चालणे आम्हाला जमते. तेवढे एक वाक्य तोंडातून निघत नाही. देवीची निंदा करतो आहे असे कोणी समजू नये. ती माझीही आई आहे, आणि आमच्यासारखीच आहे म्हणूनच ती आमची आहे.

त्याच डिचोलीत १८७७ साली वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर जन्मले, ज्यांना कोकणी वाचक शणै गोंयबाब म्हणून ओळखतो. कोकणी ही स्वतंत्र भाषा आहे हे सांगण्यात त्यांनी आयुष्य घातले, आणि ते जन्मले त्या तालुक्यात घरोघर मराठी पोथ्या. यात नवल नाही. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढून लोकांना तीन वर्षांत कोकणी सोडायला फर्मावले, तेव्हा डिचोली आणि पेडणे त्याच्या हाताखाली नव्हतेच. आमचे तालुके नव्या काबिजादीतले, अठराव्या शतकाच्या अखेरीस, पेडणे तर १७८८ साली, पोर्तुगिजांकडे गेले. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. देवळे राहिली, कीर्तने राहिली, त्यांच्याबरोबर मराठी राहिली. बोलण्यात कोकणी होतीच.

पुढे या दोघींवरूनच आम्ही एकमेकांना काय काय बोललो! १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे म्हणणारे १,३८,१७०, नको म्हणणारे १,७२,१९१. पेडणे आणि डिचोलीने विलीनीकरणाच्या बाजूने मते दिली. मतपेट्या मोजून झाल्या, पण प्रचारात बोललेले मोजायला कोणी नव्हते. एका बाजूने कोकणीला नुसती बोली म्हणून उडवून लावले, म्हणजे आईने जोजवताना जे म्हटले ते सगळे अडाणी ठरवले. दुसऱ्या बाजूने मराठी वाचणाऱ्याला घरचा असून ‘भायलो’ केले. पुन्हा राजभाषेचे आंदोलन पेटले, १९८६ च्या डिसेंबरात दंगली झाल्या, माणसे मेली. ४ फेब्रुवारी १९८७ ला कायदा झाला. कोकणी राजभाषा, आणि मराठीच्या वापराची तरतूद. दोन्ही बाजूंचे म्हणणे मला समजते. मी मराठीत लिहितो आणि रागावतो कोकणीत, त्यामुळे माझ्यावर कोणाचाच पुरता विश्वास नाही. पण त्या काळी तुटलेली बोलणी अजून सांधायची आहेत हे गावात कोणत्याही लग्नाच्या मांडवात दिसते. दोन म्हातारे खुर्च्या पाठमोऱ्या करून बसतात.

क्षमा मागणे आम्हाला अगदीच येत नाही असे नाही. ती मागण्याची जागा देवळात ठेवलेली आहे. गाऱ्हाणे ऐका. गावकर नारळ पुढे ठेवतो, घसा खाकरतो, डोळे मिटतो आणि एका दमात सांगू लागतो. वाड्यावरची पोरेबाळे, गुरेढोरे, शेतातले भात, दुबईला गेलेले, हल्ली मोपाच्या विमानतळावर कामाला लागलेले, सगळ्यांची नावनिशी न घेता आठवण. प्रत्येक टप्प्याला बाकीचे ‘‘व्हय महाराजा’’ म्हणतात. तो शब्द ऐकताना अंगावर काटा येतो, कारण त्यात कोणी एकटा नसतो. आणि शेवटी हमखास येते ते चुकल्या-माकल्याचे, बोलण्यात उणे-अधिक झाले असेल तर पदरात घे, असे. थोरला आणि धाकटा दोघेही तिथे हात जोडून उभे असतात. दोघेही ‘‘व्हय महाराजा’’ म्हणतात. देवापुढे चूक कबूल करायला कोणाला काही वाटत नाही. तीन हातांवर उभा असलेला भाऊ मात्र मधे ओलांडला जातो.

गाऱ्हाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच दगडापुढे, त्याच नारळावर, एखादा भल्या सकाळी एकटाच येऊन दुसऱ्याचे वाईट व्हावे म्हणूनही गाऱ्हाणे घालून जातो. देव दोन्ही ऐकून घेतो. निदान तोंडावर तरी काही दाखवत नाही.

हे सगळे जिथे उलटे होते अशी एक रात्र पेडण्यात आहे. कोजागिरीची पुनव. पेडण्याच्या बाजारात भगवतीचे देऊळ आहे, दाराशी काळ्या दगडाचे दोन हत्ती उभे आहेत. दसऱ्यापासून उत्सवाची धांदल असते. पुनवेच्या रात्री रंगीबेरंगी लुगडी नेसवलेली रवळनाथाची आणि भूतनाथाची तरंगे, म्हणजे त्या देवांचे प्रतीक असलेले खांब, निघतात. ढोल वाजू लागतात, आणि ऐन रात्री भूतनाथ रुसतो. का रुसतो? त्याला देऊळ नाही. सगळ्यांना देऊळ आहे, मला का नाही, माझे देऊळ एका रात्रीत बांधून द्या, असा त्याचा हट्ट असल्याचे सांगतात. तो रागाने रानाकडे धाव घेतो. लोक मागे धावतात, अडवतात, विनवतात. बांधू, नक्की बांधू, तू मागे फिर. होय-नाही करता करता अखेर तो मागे फिरतो.

देऊळ बांधले जात नाही. पुढच्या कोजागिरीला तो पुन्हा रुसतो, लोक पुन्हा तेच वचन देतात. शाळेत असताना मला याचा राग येई. ही उघड फसवणूक आहे असे मी आजीला म्हटले होते. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, ‘‘ताका म्हायत आसा रे.’’ त्याला ठाऊक आहे. एवढे बोलून ती पुन्हा खडे वेचू लागली. आता मला वाटते, भूतनाथाला दगड-चुना नकोच असावा. आपण निघालो तर कोणी मागे धावते का, एवढेच त्याला दर वर्षी पाहायचे असते. आणि हजारो माणसे धावतात. या रात्री देवाला ‘तुझाच दोष’ असे कोणी म्हणत नाही, मागचा हिशेब काढत नाही, ‘फुकटचें’ म्हणत नाही.

त्या रात्रीचे सगळेच मला आवडते असे नाही. भुताखेताची बाधा झाली म्हणून माणसांना तिथे आणतात. एका वर्षी एक तरुण बाई केस मोकळे सोडून थरथरत होती, भोवती मोबाइल उंच धरलेले, आणि बाहेरून तमाशा बघायला आलेली पोरे ‘‘भूत, भूत’’ म्हणून हसत होती. तिला ते ऐकू येत होते. प्रत्येक हसण्याबरोबर तिचे खांदे आत ओढले जात होते. अशा बाईला डॉक्टरची गरज असते हे मी आजही म्हणेन. पण त्या घटकेला तिथे डॉक्टर नव्हता. फुले विकणारी एक म्हातारी टोपली टाकून उठली, तिने पोरांकडे बघितलेही नाही, बाईच्या शेजारी जमिनीवर बसली. ‘‘बाय, जेवलें गो तूं?’’ बाईने मान हलवली, नाही. म्हातारीने पदराखालचा केळ्यांचा फणा काढला. थरथर लगेच थांबली नाही, पण तिने केळे सोलले.

आणि आमचे दोघे भाऊ? ते दर वर्षी पुनवेला असतात. मी त्यांना पाहिले आहे. देव रानाकडे वळला की थोरला एका बाजूने आडवा जातो, धाकटा दुसऱ्या बाजूने, दोघांचे आवाज विनवून विनवून बसतात. देव परतला की थोरला बाजारातल्या रस्त्याने घरी येतो आणि धाकटा शेताच्या बांधाने. दोघांच्याही पायांना एकाच रानाची माती असते. सोप्यावर मोत्या दोघांची वाट बघत बसलेला असतो.

यंदा कोजागिरीला पेडण्याला या. गाडी बाजाराच्या बरीच अलीकडे लावा, आत वाट मिळत नाही. पाण्याची बाटली बरोबर ठेवा, जागरण पहाटेपर्यंतचे आहे. मोबाइल खिशातच राहू द्या. आणि घरात कोणाशी अबोला धरला असेल तर त्यालाही गाडीत घ्या. वाटेत काही बोलायची सक्ती नाही. चहाला थांबलात की तेवढे ‘साखर किती?’ विचारा.