ड्यूकला मावशी नाही

संगमनेर

चि. भाचेबुवा,


‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’ला लोकांनी उगाच झोडपलं, विनोद कळायला अक्कल लागते, असं तू लिहितोस. गेम घाणेरडा आहे, ही तक्रार मलाही लंगडीच वाटते. माझी तक्रार वेगळी आहे: त्यातल्या विनोदाला समोरून उत्तर देणारं कुणी नाही. १९९७ मध्ये जाहीर झालेला हा गेम २०११ च्या जूनमध्ये बाजारात आला. मधल्या काळात तो बनवणाऱ्या थ्रीडी रिअल्म्स कंपनीचा चमू घरी बसला आणि गिअरबॉक्स या दुसऱ्या कंपनीने गेम कसाबसा तडीस नेला. एवढी वाट पाहायला लावून सुरुवात कशाने, तर मुतारीने. बटण दाबून नायकाला लघवी करायला लावायची, संडासातला गू हातात घेऊन फेकायचा. धक्का बसतो, पण एकदाच. पुढच्या खेपेला हाताखाली नुसतं बटण उरतं.

तू म्हणशील, हे छातीठोक हॉलिवूडी नायकांचं विडंबन आहे. असतं तर बरं झालं असतं. ड्यूकच्या जीवाला या गेममध्ये ‘इगो’ म्हणतात आणि आरशात स्वतःला न्याहाळलं की तो वाढतो. कल्पना फर्मास आहे! पण तो आरसा कधी तडकतच नाही. भेटणारे बहुतेक जण ड्यूकची आरतीच ओवाळतात. एके ठिकाणी पुढे आलेलं चिलखत तो भित्र्यांची वस्तू म्हणून झिडकारतो. टोला ‘हेलो’ या गेमला आहे. आणि दोनच शस्त्रं बाळगण्याचा नियम, आडोशाला थांबलं की आपोआप भरून येणारा जीव, हे सगळं त्याच वळणाचं. १९९६ च्या ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’त हाच गडी अख्खं शस्त्रागार घेऊन हिंडायचा. ज्याची टिंगल करायची त्याच्याकडूनच उसनं घ्यायचं, याला विडंबन कसं म्हणू? पुढे तर परग्रहवाल्यांनी पळवलेल्या बायका विव्हळत असतात, त्यातल्या दोघी त्याच्याच मैत्रिणी. त्या डोळ्यांदेखत मरायला टेकल्यात आणि हा कोटी करतो. घाबरवायचं की हसवायचं, हे करणाऱ्यांनाच ठरवता आलेलं नाही.

‘मग तमाशा काय सोवळा असतो?’ हा तुझा आक्षेप मात्र वजनदार आहे. सोवळा नसतोच. शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) आपल्याच गावचे. अहिल्याबाई होळकरांनी कान उपटले म्हणून त्यांनी डफ फोडला, अशी आख्यायिका आहे. मी काही तुला डफ फोडायला सांगत नाही. पण तमाशातली गवळण आठव. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात, तेव्हा डोक्यावरून उपरणं ओढलेला एक बाप्या मावशी होऊन पुढे सरसावतो. पेंद्याने एक मारली की मावशी दोन परतवते. शिवाय चावट वाक्याचा सरळ अर्थही धड लागतो. वाकडा लावून हसणारा प्रेक्षक आपणहून पकडला जातो. ड्यूकला अशी मावशीच नाही, आणि आपण लावावा असा दुसरा अर्थही नाही. विनोद काळाने शिळा झाला म्हणावं, तर सोंगाड्या जुन्याच वगात त्या रात्रीच्या गावाचं काहीतरी घुसडून टाळी घेतोच की.

खेळायचाच असेल तर १९९६ चा घे. तिथे कोटी करायला ड्यूक थांबत नाही, धावता धावता मारून जातो.

तुझा,
मामा