युद्धखात्याच्या तबकड्या

अमेरिकेच्या युद्धकाळातील ध्वनिमुद्रिका जमवण्याचा नाद मराठीच्या दोन प्राध्यापकांना का लागावा, असे आम्हांला वारंवार विचारले जाते. युद्धगीतांवरील प्रेम हे त्याचे उत्तर नव्हे. काव्य म्हणून त्यांतील बहुतेक सामान्यच आहेत. आधी ‘आय डिडन्ट रेझ माय बॉय टु बी अ सोल्जर’ हे युद्धविरोधी आईचे गाणे पीअरलेस क्वार्टेटने मुद्रित केले. १९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि त्याच वर्षी याच चमूने ‘ओव्हर देअर’ हे समरगीत गायले. दोन्हींतला स्वर सारखाच मनापासून लागलेला आहे. अनुभवाची सच्चाई हा निकष वर्गात (आमच्याप्रमाणेच) सढळपणे वापरणाऱ्यांनी या दोन तबकड्या लागोपाठ ऐकाव्यात.

आमच्या संग्रहाचा गाभा मात्र दुसऱ्या महायुद्धातील ‘व्ही-डिस्क’ हा आहे, आणि तिची हकीकत लाखेपासून सुरू होते. त्या काळची तबकडी शेलॅकची, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेची असे. पळस, कुसुम, बोर या झाडांवरील किड्यांपासून मिळणारी ही लाख प्रामुख्याने भारतातून, त्यातही छोटा नागपूरच्या जंगलांतून, अमेरिकेला जाई. युद्धामुळे सागरी वाहतूक धोक्यात आली, युद्धसामग्रीलाही शेलॅक हवे होते. तेव्हा १९४२ च्या एप्रिलमध्ये तेथील सरकारने तबकड्यांसाठीच्या शेलॅकमध्ये सुमारे ७० टक्के कपात केली. जॅझच्या इतिहासग्रंथांत वादकांची वंशावळ तपशिलाने येते. लाख खरवडणारे हात बहुधा येत नाहीत.

त्यातच १ ऑगस्ट १९४२ पासून जेम्स पेट्रिलो यांच्या वादक-संघटनेने मानधनाच्या प्रश्नावर ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. मोठ्या कंपन्यांपैकी डेका १९४३ मध्ये नमली. कोलंबिया आणि व्हिक्टर १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत अडून राहिल्या. या कोंडीतून लेफ्टनंट रॉबर्ट व्हिन्सेंट यांनी वाट काढली: मुद्रण केवळ सैनिकांसाठी होईल, विक्री होणार नाही आणि पुढे मूळ साचे नष्ट केले जातील, या अटींवर संघटनेने संमती दिली. १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्या पेट्या रवाना झाल्या. पेटीत तबकड्यांबरोबर सुयाही असत. शेलॅकऐवजी विनाइलाइट वापरल्यामुळे प्रवासातली मोडतोड कमी झाली. बारा इंची तबकडीवर बारीक खाचा पाडल्यामुळे एका बाजूस सहा मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. अब्दुल करीम खाँसाहेबांचा राग तीन-सव्वातीन मिनिटांत ऐकत वाढलेल्या आमच्या कानांना ही चैनच वाटते.

या तबकड्यांवर कलावंत पुष्कळदा वादनाआधी सैनिकांशी दोन शब्द बोलतात. फॅट्स वॉलरचे मुद्रण १९४३ च्या सप्टेंबरमधले. तो पियानोवर बोटे फिरवीत थट्टामस्करी करतो, आणि तीन महिन्यांनी, १५ डिसेंबरला, रेल्वेच्या प्रवासात मरण पावतो. त्याला ऐकणारी फौज तेव्हा गोऱ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या तुकड्यांत विभागलेली होती. ती मोडण्याचा आदेश १९४८ मध्ये निघाला. ग्लेन मिलर तर स्वतःच फौजेत होता. बरोबर एका वर्षाने, १५ डिसेंबर १९४४ रोजी, इंग्लिश खाडीवर त्याचे विमान बेपत्ता झाले.

१९४९ मध्ये योजना संपली आणि ठरल्याप्रमाणे साचे नष्ट करण्यात आले. छावण्यांतल्या तबकड्याही मोडून टाकण्यात आल्या. सैनिकांनी सामानात दडवून घरी नेल्या, त्यांतल्याच पुष्कळशा आज संग्राहकांच्या बाजारात येतात. नियमाने पाहिले तर आमच्याकडचा ऐवज चोरीचा म्हणावा लागेल! आमच्यापैकी एकाला ही मुद्रणे संगणकावर स्वच्छ करून ऐकावीशी वाटतात. दुसऱ्याला ती खरखर पाठभेदाइतकी मोलाची वाटते. हा वाद मिटलेला नाही, मिटू नये अशीच इच्छा आहे.

आमच्या एका तबकडीची एक बाजू जवळजवळ कोरी करकरीत आहे. दुसरीवर पोलादी सुई इतक्या वेळा फिरली आहे की क्लॅरिनेट खरखरीच्या पलीकडून ऐकू येते, आणि शेवटच्या मिनिटात तर ऐकू येईनासेच होते. कोणती छावणी, किती रात्री, हे लेबलावर लिहिलेले नाही. आम्हीही बहुधा तीच बाजू लावतो.