राखीव

पिंपरीस लोकलमधून उतरलो. 1947 च्या फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांना सरकारने इथे आसरा दिला. आज ती गजबजलेली पेठ आहे. ‘कॅम्प’ हे नाव मात्र सुटलेले नाही.

तेथून निगडीस गेलो. 1972 साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, शेतकऱ्यांच्या जमिनी संपादित झाल्या नि शेतांना सेक्टरचे आकडे मिळाले. 2021 मध्ये प्राधिकरणही गेले, आकडे राहिले.

एका म्हातारबाबांना सेक्टर विचारला. ते हसले. “आकडा ठाऊक नाही, मास्तर. आमच्या लेखी ती आंब्याची पट्टी.”

गाव हरवलेल्यांना याच मातीने गाव दिले. इथल्यांचे शेत मात्र नकाशात हरवले. विकासासाठी जमीन राखताना निदान तिचे नाव तरी राखायला हवे होते, नाही का?